रामराम ठोकण्याचा हक्क

आपल्या मराठी माणसाचा 'रामराम' हा मोठा सोयीचा शब्द आहे. भेटताना तोच आणि निघतानाही तोच. पण या दोन रामरामांत जमीनअस्मानाचे अंतर! पहिला म्हणायला कोणाचीच हरकत नसते. दुकानदार, कंपनी, कचेरी, राजकीय पक्ष, सारे त्या रामरामासाठी हात जोडून दारात उभे असतात. दुसरा म्हणून पाहा, म्हणजे मग त्या जोडलेल्या हातांचे काय होते ते कळते.

वाचकहो, फराळाचे ताट पुढे ओढून बसलाच आहात तर या दुसऱ्या रामरामाविषयी चार शब्द ऐका. गेले वर्षभर तो मला तीन ठिकाणी भेटला: बाजारात, नोकरीत आणि राजकारणात. तिन्ही ठिकाणचे हवापाणी वेगळे, पण दुखणे एकच. चकलीचा तुकडा मोडा आणि ऐका.

आधी बाजार. आमच्या पिढीचे गाऱ्हाणे असे होते की आत शिरता येत नाही. टेलिफोनसाठी नाव नोंदवायचे आणि तो लागेपर्यंत घरात एक पिढी वाढायची. स्कूटरचा नंबर, गॅसचा नंबर, जिकडेतिकडे प्रतीक्षायादी. १९९१ नंतर दारे उघडली आणि आता उलटाच प्रकार झाला आहे. आत शिरायला एक बोट पुरते. बाहेर पडायला मात्र अभिमन्यूची आठवण होते. चक्रव्यूहात शिरायचे कसे, एवढेच बिचाऱ्याला ठाऊक होते.

आमच्या घरी हा चक्रव्यूह व्यायामाच्या रूपाने आला. 'पहिला महिना फुकट' म्हणून मोबाइलवर एक ॲप घेतले. सौ. चार दिवस त्यातल्या बाईबरोबर हातवारे करीत होती, पाचव्या दिवशी तिचा गुडघा बोलला आणि व्यायाम संपला. पैसे मात्र दुसऱ्या महिन्यापासून सुरू झाले. मी 'बंद करा' हे बटण शोधायला निघालो. ते पाचव्या पडद्यामागे दडले होते. तिथे पोहोचलो तर प्रश्न आला, 'तुम्हाला खरोखरच निरोगी राहायचे नाही का?'

"काय हो म्हणायचं याला?" मी सौ.ला विचारले.

"त्याला म्हणावं, आमचे डॉक्टर विचारतात तेवढं पुरे. तू नको विचारूस."

हे असले लाजवणे आणि असला सापळा, दोन्ही आता नियमाने मना आहेत, हे फार थोड्या घरांत माहीत असते. केंद्र सरकारच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा फसव्या क्लृप्त्यांविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत तेरा प्रकार नावानिशी दिले आहेत. खोटी घाई करणे ('फक्त दोनच उरले!'), न मागता टोपलीत वस्तू सरकवणे, नकार देणाऱ्याला लाजवणे, वर्गणीच्या सापळ्यात अडकवणे. वाचताना मला तर एखाद्या मुरलेल्या फेरीवाल्याचे चरित्र वाचतो आहे असे वाटले.

नियम कागदावर आणि बटण पाचव्या पडद्यामागे. मग करायचे काय? माझी हयात बँकेत गेलेली असल्यामुळे मला एक आडवाट ठाऊक होती. कार्डावरून दरमहा आपोआप पैसे वळते होण्याच्या व्यवहाराला रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२१ पासून लगाम घातला आहे. पैसे जाण्याआधी निदान चोवीस तास ग्राहकाला सूचना मिळाली पाहिजे आणि तिथेच त्याला नको म्हणता आले पाहिजे. मी कंपनीशी हुज्जत घालणे सोडले आणि बँकेकडची ती परवानगीच काढून घेतली. घागर गळते म्हणून कुंभाराशी भांडण्यापेक्षा नळ बंद करावा, हे बरे. शिवाय राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक फिरवून तक्रार नोंदवली ती वेगळीच. पैसे जायचे थांबले.

यातूनही ज्यांचे निभावत नाही त्यांनी जिल्हा ग्राहक आयोगाचे नाव लक्षात ठेवावे. २०१९ च्या कायद्याने एक मोठी सोय झाली आहे. कंपनी कुठलीही असो, दावा आपण राहतो त्या जिल्ह्यात लावता येतो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. वकील लावलाच पाहिजे असेही नाही. निकालाला कायद्यात सांगितलेल्यापेक्षा अधिक वेळ लागतो हे खरे. पण पावती जपून ठेवणाऱ्या माणसाला कंपन्या जरा बिचकतात हेही खरे.

परंतु माझ्या मते तक्रारीपेक्षा मोठे हत्यार निराळेच आहे. २० जानेवारी २०११ पासून देशभर मोबाइलची कंपनी बदलली तरी नंबर तोच ठेवता येऊ लागला. '१९००' वर 'पोर्ट' असा संदेश पाठवायचा आणि चालू लागायचे. त्याच वर्षी आरोग्यविम्याचेही तसे झाले. जुन्या कंपनीत काढलेली प्रतीक्षेची वर्षे नव्या कंपनीत धरली जाऊ लागली; अर्ज मात्र नूतनीकरणाच्या तारखेआधी वेळेवर करायचा. त्यानंतर काय चमत्कार झाला पाहा. ज्या फोन कंपनीचा माणूस एरवी आपल्याला अर्धा तास गाणे ऐकवतो, तोच कंपनी सोडण्याचा संदेश गेल्याबरोबर स्वतःहून फोन करतो आणि 'साहेब, काय चुकलं?' म्हणून विचारतो. ज्या गिऱ्हाइकाला उठून जाता येते, त्यालाच दुकानदार पाणी विचारतो. हे सूत्र लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

आता नोकरी. माझे वडील परळच्या एका गिरणीत कारकून होते. एकच नोकरी, एकच टेबल, एकच छत्री. नोकरी बदलणारा माणूस त्यांच्या लेखी बायको बदलणाऱ्या माणसाइतकाच संशयास्पद होता. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा तो प्रसिद्ध संप सुरू झाला. अडीच लाखांच्या घरात कामगार बाहेर पडले आणि कितीतरी गिरण्यांचे भोंगे पुन्हा वाजलेच नाहीत. वडील तेव्हा चोपन्न वर्षांचे होते. त्यांनी नोकरीला रामराम ठोकला नाही. नोकरीने त्यांना ठोकला. पुढे कित्येक दिवस ते सकाळी सातला अंघोळ करून, भांग पाडून, खिडकीशी बसत. कुठे जायचे नसे. पण सातला तयार नसणे त्यांना जमतच नव्हते. 'बाबा, दुसरं काही बघू या,' असे मी एकदा म्हणालो, तर ते म्हणाले, "मला दुसरं काही येतं की नाही, हे मला कुणी कधी विचारलंच नाही रे."

हे वाक्य माझ्या मनात घर करून राहिले. २००१ साली बँकांमध्ये स्वेच्छानिवृत्तीची लाट आली. देशभरातले लाखभर कर्मचारी त्या लाटेबरोबर बाहेर पडले, त्यांत मीही एक होतो. वय शेहेचाळीस, सेवा तेवीस वर्षे. सासुरवाडीत सुतक पडल्यासारखे झाले. मी गृहनिर्माण संस्थांचे हिशेब लिहू लागलो. मिळकत कमी झाली, मान किंचित वाढला आणि लिफ्टपासून पाण्याच्या टाकीपर्यंत कशावरूनही माणसे किती भांडू शकतात याचे ज्ञान मात्र अफाट वाढले. मला दुसरेही काही येते, एवढे कळले. ते वडिलांना कळायचे राहून गेले.

आता आमच्या कन्येची पाळी. वय बत्तीस, हिंजवडीला संगणकाची नोकरी, पगाराचा आकडा मी नातेवाइकांना हळू आवाजात सांगतो. तिने श्रावणात जाहीर केले, "बाबा, मी नोकरी सोडतेय. बी.एड. करून शाळेत गणित शिकवणार."

सौ.च्या हातातली पळी आमटीत पडली. "अगं, पगार तिसऱ्या हिश्श्यावर येईल!"

"येईल. पण आई, दहा वर्षं मी जे काम केलं ते कुणासाठी केलं, हे मला अजून कळलेलं नाही. वर्गातल्या पोराला अपूर्णांक समजला तर ते निदान समोर दिसेल."

सौ. मग माझ्याकडे वळली. "तुम्ही काही बोलत का नाही? तुमचंच रक्त आहे!" मी बोललो नाही हेच माझे उत्तर होते.

तिने राजीनामा दिला आणि तिथे हा दुसरा रामराम पुन्हा आडवा आला. नोटीस नव्वद दिवसांची! त्याआधी जायचे तर उरलेल्या दिवसांचा पगार भरायचा. मी म्हटले, ठीक आहे, करार म्हणजे करार. पण आमच्याच इमारतीतल्या एका मुलाला त्याच्या कंपनीने कमी केले तेव्हा चार वाजता पत्र आले आणि पाच वाजता त्याचा संगणक बंद पडला. त्याच्या नव्वद दिवसांचे काय? तर म्हणे, त्याचे पैसे दिले. पैसे दिले हो. पण सहकाऱ्यांना रामराम म्हणायची सवड दिली नाही.

कायदा याविषयी काय म्हणतो हे पाहणे उद्बोधक आहे. १८७२ च्या आपल्या करार कायद्याचे सत्ताविसावे कलम सांगते की धंदा करायला बंदी घालणारा करार रद्दबातल. म्हणजे नोकरी सोडल्यावर 'अमक्याकडे काम करायचे नाही' असे लिहून घेतले तरी ते सहसा टिकत नाही. उलट सेवेत असतानाचे बंधन चालते. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेची अशीच अट वैध ठरवली. तीन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर दोन लाख रुपये भरायचे. सरकारी भरतीला खर्च आणि वेळ लागतो, तो असा वाऱ्यावर सोडता येत नाही, असा त्यामागचा विचार. मला तो निकाल पटतो. माझा आग्रह एवढाच, की बंधन असावे, पण ते दोन्ही टोकांना सारखे बांधलेले असावे. एकीकडे दोरी आणि दुसरीकडे नुसता हात, याला गाठ म्हणत नाहीत.

भविष्य निर्वाह निधीचे मात्र एक बरे झाले. २०१४ पासून एकच कायमचा क्रमांक मिळतो. नोकरी बदलली तरी खाते मागे राहत नाही. मोबाइलप्रमाणेच, नंबर तोच, मालक दुसरा!

आणि आता, मंडळी, जिथे हा 'नंबर तोच, मालक दुसरा' कारभार सर्वांत रंगतो तिथे येऊ. हरियाणात १९६७ साली गया लाल नावाच्या आमदारांनी थोड्याच दिवसांत तीनदा पक्ष बदलला आणि देशाला 'आयाराम गयाराम' हा शब्द दिला. (पाहा, इथेही राम!) १९८० च्या जानेवारीत त्याच राज्याचे मुख्यमंत्री भजनलाल जनता पक्षाचे जवळजवळ अख्खे सरकार घेऊन काँग्रेसमध्ये गेले. एकट्याने जाणे हा प्रवास झाला. त्यांनी बिऱ्हाड हलवले.

या प्रकाराला आळा घालण्यासाठी १९८५ साली बावन्नावी घटनादुरुस्ती झाली. एकट्यादुकट्याने पक्ष सोडला तर आमदारकी जाणार. मात्र एकतृतीयांश सदस्य एकदम निघाले तर ती फूट समजून क्षम्य. किरकोळ पक्षांतर बंद आणि घाऊक पक्षांतराला परवाना, अशी या कायद्याची संभावना मधु लिमयांनी केली होती, आणि ती किती अचूक होती हे पुढे दिसले. २००३ च्या एक्क्याण्णवाव्या दुरुस्तीने एकतृतीयांशाची पळवाट बुजवली, पण दोनतृतीयांशांनी मिळून केलेले विलीनीकरण शाबूत ठेवले. म्हणजे घाऊक व्यापार चालूच. फक्त पोते मोठे हवे.

गोव्यात त्याचा हिशेब अगदी पाढ्यासारखा जमला. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसचे पंधरांपैकी दहा आमदार भाजपमध्ये गेले. बरोबर दोनतृतीयांश! पोळलेल्या काँग्रेसने जानेवारी २०२२ मध्ये आपल्या उमेदवारांना देऊळ, चर्च आणि दर्गा अशा तिन्ही ठिकाणी नेऊन पक्ष न सोडण्याची शपथ घ्यायला लावली. अकरा निवडून आले. सप्टेंबरात त्यांतले आठ निघून गेले. तीन देवांना जे जमले नाही ते कायदा काय करणार?

आपल्या महाराष्ट्राने तर त्याही पुढची मजल मारली. जून २०२२ मध्ये शिवसेना आणि जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस दुभंगली. पण कोणीच 'आम्ही निघालो' म्हणेना. दोन्ही गट म्हणाले, मूळ दुकान आमचेच. आपल्याकडे पेढ्यांच्या दुकानावर 'आमची कोठेही शाखा नाही' अशी पाटी असते आणि तशीच पाटी शेजारच्या दुकानावरही असते, तसेच हे झाले. निवडणूक आयोगाने पाटी कोणाची ते सांगितले, विधानसभा अध्यक्षांनी २०२४ च्या जानेवारी-फेब्रुवारीत कोणालाच अपात्र ठरवले नाही. गिऱ्हाईक मात्र पिशवी घेऊन रस्त्यात उभे. त्याने पेढा एका दुकानात घेतला होता आणि पैसे दुसऱ्याच गल्ल्यात जमा झाले होते. कोणता गट खरा, हा वाद मी इथे घालत नाही. ज्याच्या त्याच्या घरी त्यावरून पुरेशी भांडी वाजली आहेत. माझा प्रश्न त्या पिशवीवाल्याचा आहे. त्याला कोणी विचारले?

पक्ष बदलणे हे पाप आहे असे मी म्हणत नाही. ज्याने स्वतः नोकरी सोडली त्याला ते शोभणारही नाही. माणसाचे मत बदलते, पक्षाचेही बदलते. उलट आजच्या कायद्यात पक्षादेश मोडून सद्सद्विवेकाने मत देणाऱ्या एकट्या सदस्याचे पद जाऊ शकते, हे मला फार खटकते. पण निघण्याची एक रीत असते. डॉ. आंबेडकरांनी १९५१ साली हिंदू कोड बिलाची कोंडी झाल्यावर मंत्रिपद सोडले. चिंतामणराव देशमुखांनी १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर अर्थखाते सोडले आणि पुढे विद्यापीठ अनुदान मंडळाचे काम हाती घेतले. रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर, मग अर्थमंत्री, मग शिक्षणक्षेत्र! नोकरी बदलली म्हणून आमच्या कन्येला नाके मुरडणाऱ्या आत्याबाईंनी हा क्रम जरूर पाहावा. या दोघांनी खुर्ची सोडली आणि मत राखले. हल्ली खुर्ची राखतात आणि मत सोडतात.

जवळचे उदाहरणही आहे. उदयनराजे भोसले मे २०१९ मध्ये साताऱ्यातून राष्ट्रवादीचे खासदार झाले. सप्टेंबरात त्यांना भाजपमध्ये जायचे होते. त्यांनी खासदारकीचा राजीनामा दिला आणि पोटनिवडणुकीला उभे राहिले. शरद पवारांची भर पावसातली ती सभा तिथलीच. मतदाराने नको म्हटले. श्रीनिवास पाटील निवडून आले. २०२४ मध्ये त्याच साताऱ्याने उदयनराजेंना भाजपच्या चिन्हावर लोकसभेत धाडले. तुम्ही त्यांचे चाहते असा वा नसा, पण दोन्ही वेळा निर्णय साताऱ्याने केला. माझ्या मते पक्ष सोडण्याची सभ्य रीत हीच. एकटा जावो की दोनतृतीयांश जावोत, आमदारकी टेबलावर ठेवावी आणि नव्या पाटीखाली पुन्हा मत मागावे.

हे सारे मी सौ.ला वाचून दाखवले. ती म्हणाली, "म्हणजे सारखी पोटनिवडणूक! त्याचा खर्च कोण देणार? आपणच ना?"

मी म्हटले, "तो निघणाऱ्याने द्यावा. नोटीस न देता निघायचं तर आपली पोरगी तीन महिन्यांचा पगार भरते. लोकप्रतिनिधीने निदान मंडपाचं भाडं तरी भरावं!"

"मग कोणी पक्षच बदलणार नाही."

"बदलतील. पण ज्यांना खरंच बदलायचाय तेवढेच बदलतील."

सौ.ने यावर काही म्हटले नाही. ती सहसा मला एवढे मोठे यश देत नाही.

मतदाराची अडचण मोठी आहे, वाचकहो. गिऱ्हाइकाला कंपनी सोडता येते, नोकराला नोकरी सोडता येते. मतदाराला देश सोडून जाता येत नाही आणि जायचेही नसते. २०१३ पासून यंत्रावर 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटण आले. पण लोकसभा-विधानसभेला त्याला कितीही मते पडली तरी उरलेल्यांतला पहिला निवडून येतोच. पाच वर्षांतून एकदा मिळणारे एक मत, एवढीच त्याची पुंजी. ते मत त्याला न विचारता दुसऱ्याच्या खात्यावर वळते होत असेल, तर व्यायामाच्या त्या ॲपला नावे ठेवण्यात काय अर्थ आहे? निदान ते ॲप चोवीस तास आधी कळवते तरी!

ज्याला उठून जाता येते, त्यालाच पाणी विचारतात, असे वर म्हटले ते याचसाठी. वडिलांना गिरणीने पाणी विचारले नाही, कारण ते कुठेही जाणार नाहीत याची गिरणीला खात्री होती. माझ्या मुलीला उठता येते याचा मला, पगाराच्या आकड्याची हळहळ धरूनही, आनंद आहे. तिचे नव्वद दिवस आता भरत आले आहेत. घरात अपूर्णांकांचे तक्ते लागले आहेत आणि सौ. त्यांवरच्या पूर्णांकांत मला लाडवांचा हिशेब विचारीत आहे.

तेव्हा पावत्या जपा, करार सहीपूर्वी वाचा आणि मत मागायला येणाऱ्याला यंदा एक प्रश्न आवर्जून विचारा: "निघायचं झालं, तर आम्हाला विचारून निघाल ना?" उत्तर काय देतात त्यापेक्षा देताना कुठे बघतात, तिकडे लक्ष ठेवा.

दिवाळी सुखाची जावो. आणि हा रामराम, बरे का, पहिल्या प्रकारचा आहे!